दंड करा मला

"चर इथनं का वळला?"

जेजिगा दारात उभी होती. हाताला पीठ, डोक्याचा रुमाल एका कानावर घसरलेला. गल्लीतून वर चढत आलेला गॅसच्या पाइपाचा चर शेजाऱ्याच्या भिंतीपाशी थांबला होता आणि तिचं दार टाळून खालच्या अंगाला उतरला होता.

शेजारचा अमर कुदळीवर रेलला. "लल्ला," मोठ्या बाईला मानानं हाक मारावी तसं तो म्हणाला, "रागावू नका. ज्या घरातनं माणूस खणायला आला, त्या घरापुढं चर. गावकीचं ठरलंय. जो आला नाही, त्यानं दंड भरला, मग त्याच्यापुढंही."

"मला कुणी दंड मागितला?"

"तुम्हाला कसा मागणार?" अमर ओशाळून हसला. "तुमच्या घरात माणूस नाही."

"मग मी कोण रे? शेळी?"

अमरनं कुदळ उचलली. खणणं सोपं होतं.

*

गावकीच्या लेखी ते घर बंद होतं. धुराड्यातून धूर निघायचा, दारात कोंबड्या फिरायच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर पोरांना वाढून थकलेली एक बाई आत भाकरी भाजायची, तरी बंद. जुर्जुराच्या या डोंगरात बापाचं घर मुलाला जातं. नवऱ्याकडून परत आलेल्या मुलीला मिळतो कोपरा, आणि ऊब.

ऊब दर शरदात पिंपातून यायची. थोरला भाऊ लूनिस अल्जिअर्सहून गाडी करून यायचा, शेगडीच्या तेलाचं पिंप गडगडवत अंगणात आणायचा, त्याच त्या फरशीवर उभं करायचा. मग ऑलिव्हच्या तेलात बुडवलेली सुकी अंजिरं खायचा, बोटं चाटायचा आणि म्हणायचा, "मी आहे तोवर तुला थंडी वाजायची नाही."

वाक्य चांगलं होतं. फक्त पिंपापेक्षा जड होतं.

*

तेलाचा वास गोधडीला. तेलाचा वास भाकरीला. काजळी भिंतीवर, काजळी छातीत.

गेल्या हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाला आणि पिंपानं तळ गाठला. तिनं भावाला कळवलं नाही. पुन्हा माग, पुन्हा ते वाक्य ऐक. त्यापेक्षा तिनं आईच्या हातमागाचा दांडा तोडला आणि चुलीत घातला. ऑलिव्हचं जुनं लाकूड, छान जळलं. ती शेजारी बसून हात शेकत राहिली आणि स्वतःला शिव्या देत राहिली.

*

"दादा, गॅस येतोय गावात," ती त्या रात्री फोनवर म्हणाली.

"येऊ दे की. तुला कशाला? घरं उडतात गॅसनं."

"तुझ्याकडे नाही का गॅस? तुझं कुठं उडालं?"

"शहराची गोष्ट वेगळी. तुला तेल कमी पडतंय का? दोन पिंपं पाठवतो."

"पिंप नकोय. इथं येऊन एक दिवस कुदळ मार. नाहीतर मी घेते म्हणून गावकीला सांग."

"जेजिगा, भिंतीला भोक पाडायचं नाही. भिंत माझी आहे."

"भिंत तुझी. थंडी कुणाची?"

"असं बोलायचं असेल तर यंदापासून पिंपाची वाट बघू नकोस."

"दादा..."

"बघ तू. ठरव."

*

ठरवलं.

*

दुसऱ्या सकाळी बापाची कुदळ घेऊन ती चरात उतरली. पुरुषांनी अगदी अदबीनं कुदळ तिच्या हातातून काढून घेतली, पुसली आणि तिच्याच भिंतीला टेकवून ठेवली. "बायांनी खणलं तर गावाचं नाक जाईल, लल्ला. तुम्ही कॉफी पाठवा."

तिनं कॉफी पाठवली नाही.

*

शुक्रवारी गावकी बसली. दगडी कमानीखाली दोन्ही बाजूंना दगडी कट्टे, मध्ये रस्ता. बायका त्या वाटेनं जात नाहीत, मागून वळसा घालतात. जेजिगा सरळ आली आणि बापाच्या जागेवर बसली. गार दगड, बापाच्या बैठकीनं गुळगुळीत झालेला.

गावकीचा अमीन, म्हणजे प्रमुख, दा बुसाद खाकरला. "पोरी, काही काम असलं तर घरी ये. माझ्या बायकोशी बोल."

"तुमची बायको चर वळवणार आहे का?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"काम एवढंच," ती म्हणाली. "दंड करा मला."

"बाईला दंड? एवढी लाज गावकीनं अजून सोडलेली नाही. तुला माफी आहे."

"ओसाड घराला माफी, मेलेल्याला माफी, आणि मला माफी. दा बुसाद, मी यातली कोण?"

"लूनिस काय म्हणेल? घर त्याचं."

"त्याचं. पण उघडं कुणी ठेवलंय?"

"आता माझं ऐक. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा..."

"टाकीचं पाणी मी पीत नाही का?"

"मी बोलतोय!"

"आणि मी थंडीनं..."

दा बुसादनं काठी दगडावर आपटली. सगळी हयात गावकीत गेलेली. पुढचे शब्द डोक्यातून आलेच नाहीत, जिभेवरच बसलेले होते. "अमीन बोलत असताना मध्ये बोललीस! दंड!"

दा बुसादचं तोंड उघडंच राहिलं. शब्द परत आत घेता आला असता तर त्यानं गिळला असता.

जेजिगानं सावकाश रुमालाच्या टोकाची गाठ सोडली. चुरगळलेली नोट काढली, मांडीवर सरळ केली आणि दोन कट्ट्यांच्या मधोमध ठेवली. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सगळ्यांत म्हातारे दा अक्ली. कानानं अधू, पण एवढं त्यांना ऐकू आलं होतं. दात नसलेल्या तोंडानं ते म्हणाले, "बुसाद, दंड झाला म्हणजे घर जिवंत. आपल्या बापजाद्यांनी हेच सांगितलंय. आता नोट उचल आणि चर वळव."

नोट कुणी उचलेना. वाऱ्यानं ती जरा हलली, तेव्हा दा बुसादनंच नोटेवर पाय ठेवला, मग वाकून उचलली.

*

भिंतीला भोक पडलं. दगडाचा चुरा ओसरीवर सांडला, तो तिनं झाडून काढला. संध्याकाळी निळी ज्योत लागली. ना वास, ना काजळी. गोधडी पहिल्यांदा फक्त गोधडीसारखी लागली.

शरद आला. तिनं अंजिरं तेलात बुडवून ठेवली. गाडीचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवी. गाडी पुढं निघून जाई. लूनिस आला नाही. त्याचा फोनही आला नाही.

पहिला बर्फ पडायच्या बेतात असताना भंगारवाला आला. अंगणातलं रिकामं पिंप त्यानं बोटानं वाजवून पाहिलं.

"आता गॅस आलाय तुमच्याकडं, लल्ला. हे काय कामाचं? द्या मला."

"नाही द्यायचं."

"गंजून जाईल."

तिनं पिंप कलंडवलं आणि गडगडवत पडवीत, छपराखाली नेऊन उभं केलं. फरशीवर तांबूस गोल डाग तेवढा उरला.

"माझ्या भावाचं आहे," ती म्हणाली. "हवं तर येऊन घेऊन जाईल तो."

आणि आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून तिनं दार लावून घेतलं.