पुडीचा पिवळा

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेग आहे. डेग म्हटल्याबरोबर तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, पण बिर्याणीशी माझा काडीचाही संबंध नाही. वास घेत येऊन माझं झाकण उघडणारे बरेच पाहुणे आजवर तोंड वाकडं करून परत गेले आहेत. माझ्यात शिजतो तो रंग. बेंबळीच्या एका रंगरेजाच्या घरची मी, आणि त्याचा मला थोडा जास्तच तोरा आहे. असू द्या. इतकी वर्षं चुलीवर बसल्यावर एवढा हक्क पोचतो.

एका तांबटानं हातोडीनं ठोकून ठोकून मला घडवलं. त्याच्या खुणा अजून माझ्या पोटावर आहेत. आतून कल्हई झाली आणि चाँदपाशा रंगरेजांनी मला बैलगाडीत घालून घरी आणलं. पळसाची फुलं, मंजिष्ठ, हळद, बाभळीची साल, काय काय म्हणून माझ्यात उकळलं! लग्नसराईत फेटे रंगवून घ्यायला गावोगावची माणसं यायची. चाँदपाशांच्या घरचा एक रिवाज होता. गिऱ्हाइकाचं काम उरकलं, की तळाला उरलेला रंग गल्लीचा. ज्याची ओढणी विटली, ज्याचा सदरा फिका पडला, त्यानं यावं आणि बुडवून न्यावं. त्याचा कधी दाम मागितला नाही. तेच जुने कपडे टवटवीत होऊन दोरीवर वाळत पडले, की मला माझंच कौतुक वाटायचं.

पुढे बाजारात भडक आणि स्वस्त कपडे आले. कपडा विटला की टाकायचा आणि नवा आणायचा, असं सुरू झालं. रंगवून घ्यायचं कुणाला सुचेना. चाँदपाशा गेले, चूल विझली आणि मी अंगणात उपडी पडले. नंतर मला सुलटी केली ती शेळ्यांना पाणी पाजायला. मित्रांनो, ज्या पोटात मंजिष्ठ खदखदली त्यात शेळीनं तोंड घालावं, याचं दुःख काय सांगू! शेळीवर माझा राग नव्हता, पण वाईट वाटलंच.

माझे दिवस पालटले ते सबिहामुळं. चाँदपाशांचा मुलगा इरशाद, त्याची ही बायको. चाँदपाशांच्या माघारी घरात राहिलेल्या आपल्या सासूकडून, शरिफाबींकडून, तिनं रंगाची सगळी विद्या काढून घेतली. शरिफाबींना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही, जीभ मात्र शाबूत आहे. सबिहानं मला नवी कल्हई करून आणली. धाराशिवातल्या रसाच्या गाड्यांवरून डाळिंबाच्या साली उकिरड्यावर जात होत्या, त्या ती मागून घेऊ लागली. इरशाद बेंबळी ते धाराशिव रिक्षा चालवतो. तो पोतं भरून साली आणायचा आणि पायाशी पोतं आलं म्हणून पॅसेंजर कुरकुरायचे. साली मंद आचेवर शिजल्या, की तुरटीत भिजवलेल्या सुती कापडावर हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळा चढायचा. तळाचा रंग पुन्हा गल्लीचा झाला. त्यानंतरचं पाणी परसातल्या झाडांना जायचं.

मग पुण्याच्या एका दुकानानं तान्ह्या बाळांच्या कपड्यांसाठी कापड मागवलं. डाळिंबाच्या सालीचाच रंग हवा, म्हणाले. सबिहाची ही पहिली मोठी ऑर्डर होती. आनंदानं तिला जेवण सुचेना. तिनं कापड धुतलं, तुरटीत भिजवलं, साली शिजवायला घातल्या आणि नेमका भूमहून निरोप आला, तिचे अब्बा आजारी आहेत.

"तुमी आन अम्मी मिळून रंगवा," ती इरशादला म्हणाली. "पार्सल उद्याच्या यष्टीनं जायला पायजे बघा." आणि ती माहेरी गेली.

इरशादनं पहिलं कापड वर काढलं आणि त्याचा चेहरा उतरला. रंग कुठं गडद, कुठं फिकट. सालीचा रंग असाच असतो, त्याला मन असतं. पण दुकानाला त्यांनी मोबाईलवर पाठवलेल्या फोटोसारखा, जिथं तिथं सारखा पिवळा हवा होता. बायकोच्या मेहनतीची आपल्या हातून माती होणार, या भीतीनं त्याला घाम फुटला. शरिफाबी आत नमाज पढत होत्या. इरशाद बाजारात गेला आणि रंगाची एक पुडी घेऊन आला. तिच्यात काय आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. त्यानं ती माझ्यात रिकामी केली. मला ओरडावंसं वाटलं. पण डेगीचं तोंड एवढं मोठं असून बोलायच्या कामाचं नाही. कापड एकसारखं पिवळं झालं, डोळ्यात खुपणारं पिवळं. इरशादचा जीव भांड्यात पडला, आणि ते भांडं नेमकं मी होते.

संध्याकाळी शेजारची देवश्री आली. खांद्यावर तीन महिन्यांची लेक, हातात एक विटकी कुंची.

"चाची, ही आमच्या ह्यांची लहानपणची कुंची. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची शिवलेली. कापड अजून इतकं मऊ आहे, नुसता रंग उडालाय. बुडवून देता का?"

इरशादनं घाईघाईनं झाकण ओढलं. "आज रंग संपला, वहिनी."

"आरं, आत्ता तर डेग डुचमळल्याली ऐकली म्या," शरिफाबी म्हणाल्या. "तुज्या अब्बाच्या माघारी बी आपल्या दारातनं कुणी कोरडं गेलं न्हाय. आण बाई इकडं."

त्यांनी कुंची घेतली, चाचपडत माझं झाकण सरकवलं आणि हात पुढं केला. इरशादनं त्यांचं मनगट धरलं.

"नका, अम्मी. त्यात बाजारची पुडी हाय. लेकरू तोंडात घालतंय ते."

देवश्रीनं लेकीला छातीशी ओढून घेतलं. शरिफाबींनी आवाज चढवला नाही.

"आन पुण्याची लेकरं तोंडात घालत न्हाईत व्हय रं?"

इरशादनं माझं झाकण लावून टाकलं. "सबिहाचं नाव जाईल म्हणून केलं, अम्मी."

"व्हय, आन आता लई ऱ्हाईल!" एवढं बोलून त्यांनी कुंची देवश्रीच्या हातात परत दिली. या दारातून पहिल्यांदाच कुणी तसंच माघारी गेलं.

पार्सल त्या यष्टीनं गेलं नाही. सबिहा आल्यावर इरशादनं आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. तिनं त्याच्यासमोरच दुकानाला फोन लावला. "ताई, कापड फोटोवानी झालंय, पन त्यो डाळिंबाचा रंग न्हाय. म्या पाठवत न्हाय. नव्यानं करून देते." दुकानाला थांबायला वेळ नव्हता. ऑर्डर दुसरीकडे गेली. खरं बोलल्याचं बक्षीस हातोहात मिळतं असं मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो, कारण सबिहाला चुलीपाशी बसून रडताना मी पाहिलं आहे.

कापड वाया घालवणं मात्र या घरात बसत नाही. इरशादच्या रिक्षाला त्याचे पडदे लागले. "इतका झगझगीत रंग कुठनं आणला?" असं पॅसेंजर विचारतात, आणि तो दर वेळी मान खाली घालून खरं तेच सांगतो. पुडीचं पाणी झाडांना घालायची कुणाची छाती झाली नाही. आटेपर्यंत ते माझ्यातच पडून होतं. त्यापेक्षा शेळी परवडली, असं मला वाटलं.

मी पुन्हा घासून, कल्हई होऊन चुलीवर चढले, तेव्हा इरशाद स्वतः शेजारी गेला आणि कुंची मागून आणली. ती त्यानं आपल्या हातानं बुडवली. एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला फिकट झाली. वाळल्यावर देवश्रीनं ती लेकीला घातली, आणि लेकीनं कड मुठीत धरून थेट तोंडात कोंबली. इरशाद बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, रंग उडाला म्हणून धडधाकट कपडा टाकू नका. तो धुवा, रफू करा, रंगवा, धाकट्यांना द्या. आणि नवा घ्यायची वेळ आली, तर रंग किती झकास आहे हे मागाहून बघा. आधी एवढंच विचारा, की ज्यानं हा बनवला, तो स्वतःच्या लेकराच्या अंगावर हा घालील का?