खंडेनवमीचा रंग

"रघु झोपला होता, एवढं लिहून टाका साहेब. म्हंजे सगळे मोकळे," शेजारच्या शेडमधला कामगार तानाजी खालून ओरडला.

"त्याला शुद्ध आली की त्यालाच विचारू," शिडीवर बसलेले विश्राम राणे खाली न बघताच म्हणाले. हातातल्या चाकूने ते एक सेफ्टी व्हॉल्व्ह खरवडत होते, तेही इतक्या हळुवार, की जणू तान्ह्या पोराची नखं काढताहेत.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात आदल्या दिवशी केटल फुटली होती. केटल म्हणजे चहाची नव्हे. रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, शिजवायचं बंद पोलादी भांडं, आत चौघं जण पत्ते खेळत बसतील एवढं. झाकण छप्पर फाडून उडालं, ते आपल्या कढईत पडू नये म्हणून शीळफाट्याच्या वडेवाल्याने गाडा बाजूला घेतला, असं सांगतात. एवढं लांब ते काही गेलं नसेल. पण शेजारच्या कंपनीच्या पाण्याच्या टाकीत ते बुडालेलं सापडलं, हे खरं. आणि केटल सांभाळणारा रघु दवाखान्यात होता, हेही खरं.

फुटलेलं, वाकलेलं, जळालेलं बघायचं आणि ते कशाने झालं ते कारखानदाराला सांगायचं, हा विश्रामांचा धंदा. कळव्याला दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत जगातली यच्चयावत तुटकी लोखंडं. "कुठंतरी काहीतरी फुटल्याशिवाय आमची चूल पेटत नाही," असं त्यांची बायको संचिता पाहुण्यांना हसत सांगायची. मात्र घरचा कुकर शिट्टी द्यायला जरा अडखळला, की हा गृहस्थ न्हाणीतून साबणासकट धावत यायचा, हे ती सांगत नसे. बाहेर त्यांना धावावं लागलंच नव्हतं. ते पोचत तेव्हा माणसं नेलेली असत, धूळ बसलेली असे.

चाकूखाली निळा रंग सुटला. निळ्याखाली चंदेरी निघाला, चंदेरीखाली हिरवा. विश्रामांनी केटलच्या नळीवर टिकून राहिलेल्या त्या व्हॉल्व्हचा दांडा ओढून पाहिला. हलेना. आत दाब वाढला की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडून तो बाहेर सोडतो. हा जागचा हललाच नव्हता.

"काय खरवडता दादा? आताच तर दिलाय रंग," झाडू घेऊन आलेली केशरबाई म्हणाली. ती इथल्याच गावातली, कारखान्याच्या आधीपासूनची.

"कोणी दिला?"

"मीच! खंडेनवमीला पूजा नाय का मशनीची? दरसालला नवा रंग, वरतून झेंडू. एक कोपरा सोरला नाय मी."

"असा रंग अजून कशाकशाला दिलात?"

"सगल्यांना. शेजारची केटल काय सावत्र हाय?"

विश्राम शिडीवरून उतरले की पडले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शेजारची शेड चालू होती. कारखाना बंद करायची नोटीस येईपर्यंत एक बॅच काढून घ्यावी, असा मॅनेजर ऋतुराजचा बेत होता. ते धावत तिथे पोचले, मागोमाग तानाजी, तेव्हा केटलवर सुकलेली झेंडूची माळ होती, आणि माळेमागे दाबाचा काटा तांबड्या रेघेकडे निघालेला.

"वाफ बंद कर, तानाजी!"

"आवं, मॅनेजरला इचारल्याबिगर कशी बंद करू? नोकरी जाईल माझी."

विश्रामांनी फोन लावला. ऋतुराज घोडबंदर रोडला गाड्यांच्या गर्दीत अडकलेला. मागून हॉर्नांचा गोंगाट.

"सर, जरा वेळ द्या ना यार. बॅच होतच आलीय. आत्ता थांबवली तर माल आतच जमेल, दगड होईल त्याचा."

"सेफ्टी व्हॉल्व्ह रंगाने चिकटलेत. दोन्ही."

"तुम्ही फुटलेलं बघायला आलायत ना? मग फुटलेलंच बघा. चालू मशीनला हात लावायचा नाही."

विश्रामांनी फोन खिशात टाकला. उभ्या आयुष्यात त्यांनी चालू यंत्राला हात लावला नव्हता. त्यांनी केटल तापवणाऱ्या वाफेचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि आवळलं.

"केशरबाई, सगळ्यांना बाहेर काढा!"

तिने अशी हाक ठोकली की बाया-बाप्ये चपला टाकून पळाले. कळव्याच्या खाडीतले बगळेही उडाले असतील.

काटा मात्र चढतच होता.

"वाफ बंद हाय की ओ!" तानाजीचा आवाज चिरकला.

"आतला माल स्वतःच तापतोय. तू जा."

"पाण्याचा नळ तुम्हाला घावंल का?" तानाजी मागच्या बाजूला गेला. केटलभोवतीच्या पोकळीत थंड पाणी सुटल्याची घरघर आली. केटल कण्हली. काटा रेघेला टेकला, तिथेच थरथरत राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. विश्राम काट्याकडे असे बघत होते, जणू पापणी लवली तर तो पुढे सरकेल.

मग तो केसभर मागे आला. मग आणखी केसभर.

तानाजी मटकन खाली बसला. "आता माझी नोकरी गेली," तो म्हणाला, आणि खदाखदा हसत सुटला.

ऋतुराज पोचला तोवर केटलमधलं रेझिन दगड झालं होतं. व्हॉल्व्ह काढून दाखवला. दांडा कोणालाच हलवता आला नाही.

"अडकलेला, मान्य," ऋतुराज म्हणाला. "पण फुटलंच असतं कशावरून?"

अख्खी, धड केटल समोर उभी होती. तिच्यात त्यांना वाचण्यासारखं काही नव्हतं.

"तसं सांगता येत नाही," विश्राम म्हणाले.

रघुची चूक नाही, रंगाची आहे, असा अहवाल घेऊन ते दोन-तीन दिवसांनी गेले, तेव्हा वॉचमनने कागद घेतले, फाटक उघडलं नाही. "साहेब, तुम्हाला आत सोडायचं नाय, असं सांगितलंय."

आतून छिन्नी-हातोड्याचा आवाज येत होता. जमलेलं रेझिन केटलमध्ये उतरून फोडत होते. घणागणिक तानाजी विश्रामांना शिवी घालत होता. केशरबाई तिला आपल्या पदरची जोड देत होती. दोघांच्या धडधाकट शिव्या पोलादात घुमून दुप्पट होऊन बाहेर येत होत्या.

वॉचमन ओशाळला. "मनावर घेऊ नका. जाताय ना?"

"थांबतो जरा," विश्राम म्हणाले, आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, उन्हात, ऐकत उभे राहिले.