दोर वळणारी बहीण

माझी बायको कॉलेजात फ्रेंच शिकवते आणि माझी आई एके काळची नावाजलेली नटी. दोघी एकाच घरात राहतात. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मी ते सकाळी लवकर उघडतो, त्यामागे गिऱ्हाइकांची गर्दी हे एकच कारण नाही.

त्या वर्षी एका जुन्या नाट्यसंस्थेच्या दिग्दर्शकाने हिला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलावून घेतलं. एका गाजलेल्या फ्रेंच कादंबरीचं नाटक करून हवं होतं. कादंबरी चांगली उशाला घेण्याइतकी जाड. दोरखंड वळणाऱ्या घरातला एक मुलगा घर सोडून पळतो, खलाशी होतो, पुढे जहाजाचा कप्तान होतो. वादळं, लढाया, परमुलखातला तुरुंग, सगळं भोगून म्हातारपणी आपल्या गावी परत येतो. हिने ती वर्षानुवर्षं शिकवली होती. काही पानं तर तोंडपाठ होती.

कप्तानाचं काम करणार होते दादा. संस्थेतले सर्वांत ज्येष्ठ नट. लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणायचे. तरुणपणी कुठल्याशा जुन्या भाषांतरात त्यांनी हा कप्तान वाचला आणि तेव्हापासून तो त्यांच्या मनात घर करून होता. दादांचं नाव पाटीवर लागलं की तिकीट खिडकीपुढे रांग लागायची. त्यामुळे नाटक लिहून व्हायच्या आधीच तारखा ठरल्या होत्या.

आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा कादंबरीने घेतला. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. ही लिहायची आणि आई दिवाणावर डोळे मिटून पडायची.

"हं, वाच," आई म्हणायची.

प्रवेश रंगला तर आई हलायची नाही. कंटाळा आला की काही न बोलता उठायची आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायची. त्या दिवसांत आमच्या कुंड्यांतली माती कधी सुकली म्हणून नाही. शेवटी दोन झाडं कुजली.

"आई, तुम्ही तोंडाने सांगा ना काय चुकतंय ते," ही एकदा वैतागून म्हणाली.

"अगं, चुकत काहीच नाहीये. तेच तर म्हणते मी."

हिने कान बंद केले आणि नाटक पुरं केलं. वादळ होतं, तुरुंग होता, दोन लढाया होत्या, कप्तानाची लांबलचक भाषणं होती. पुस्तकातलं एकही महत्त्वाचं वाक्य सुटू नये म्हणून तिने रक्ताचं पाणी केलं होतं.

पहिलं वाचन तालमीच्या हॉलमध्ये झालं. भिंतीला टेकवलेले जुने पडदे, मधे गोल मांडलेल्या खुर्च्या, चहाची किटली. मीही कोपऱ्यात बसलो होतो. दादांनी कप्तान असा वाचला की अंगावर काटा आला. पण तो काटा किती वेळ टिकणार? दुसऱ्या अंकात एकाने घड्याळ पाहिलं. तिसऱ्यात एकजण पेन्सिलीला टोक करत बसला. कप्तानाच्या बहिणीचं काम करणारी नटी, अंगाने इवलीशी म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे, ती तर चौथ्या अंकात दोन वाक्यं वाचून पुन्हा गप्प झाली, कारण तिला होतीच तेवढी.

वाचन संपलं. दिग्दर्शकाने पानं सारखी केली आणि म्हणाला, "छान आहे, मॅडम. मेहनत दिसते."

'मेहनत दिसते' म्हणजे काय, ते नाटकवाल्यांच्या घरात वाढलेल्या मला बरोबर कळलं. हिलाही कळलं. घरी येताना ती गाडीत खिडकीबाहेर बघत होती. मी काहीतरी विनोद केला, तो मलाच आवडला नाही.

मग कितीतरी दिवस टेबल रिकामं राहिलं. आम्ही पुन्हा टेबलावर जेवू लागलो आणि मला ते मुळीच बरं वाटेना. एका रविवारी दुपारी आईनेच विषय काढला.

"तू त्या पुस्तकाला घाबरतेस," ती म्हणाली.

"आदर असतो, आई. घाबरणं वेगळं."

"आदर घरी बसून कर की. लोक तिकीट काढून, कपडे बदलून, रिक्षा करून कशाला येतील? पुस्तक त्यांना पलंगावर लोळूनही वाचता येतं."

"मग काय करू? निम्मं फाडून टाकू?" हिचा आवाज चढला. "तुम्हाला काय, पुस्तक लिहिणाऱ्याला जाब तुम्हाला द्यायचा नाहीये!"

"त्यालाही तुला जाब विचारता येणार नाही, तो कधीच गेला."

मी उठून चपला शोधू लागलो. तेवढ्यात आईने आवाज एकदम खाली आणला. हे तिचं जुनं कसब. अख्खं थिएटर तिने या खालच्या आवाजाने शांत केलेलं मी पाहिलंय.

"एक सांग. शिकवण्यासाठी नाही, कोणाला दाखवण्यासाठी नाही. तू स्वतःसाठी हे पुस्तक उघडतेस तेव्हा कुठलं पान काढतेस?"

ही उठली. आत गेली, पुस्तक घेऊन आली. बोटाने चाचपडावंही लागलं नाही, पुस्तक आपोआप त्याच जागी उघडलं.

ते शेवटाजवळचं पान होतं. म्हातारा कप्तान परत येतो तेव्हा बहीण कामात असते. दोर वळायची त्यांची पद्धत अशी: एका टोकाला चाक, ते कोणीतरी फिरवतं. बहिणीच्या कमरेला तागासारख्या तंतूंचा भारा गुंडाळलेला. तंतूंचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि चाक पीळ देत असताना हाताने तंतू सोडत सोडत मागे चालायचं. पाठ कुठे चालली आहे ते बघायचं नाही, नजर हातातल्या दोरावर. मधेच थांबलं तर पीळ एका जागी साचतो आणि दोर तुटतो. आयुष्यभर ती घराच्या लांब पडवीत अशी उलटी चालत आलेली असते. भाऊ चाकाच्या बाजूने येतो आणि म्हणतो, "मी आलो." ती थांबत नाही. त्याच्याकडे तोंड करून, पण त्याच्यापासून लांब लांब जात राहते.

ही वाचत होती, फ्रेंचवरून तिथल्या तिथे मराठी करत. माझं लक्ष दिवाणाकडे गेलं. दिवाण रिकामा होता. मला वाटलं, गेली कुंड्यांकडे. पण आई हॉलच्या मधोमध उभी होती. विणकामाच्या टोपलीतला लोकरीचा गुंडा तिने कमरेशी धरला होता आणि लोकरीचं टोक माझ्यापुढे केलं होतं.

"धर रे. तू चाक."

मी धरलं. आई मागे चालू लागली. शहात्तर वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखणारे, मागे न बघता, लोकर सोडत, जेवणाच्या खोलीच्या दारातून स्वयंपाकघराकडे चाललेली. तिचे डोळे माझ्यावर नव्हते, लोकरीवर होते. मला 'आई, पडशील' म्हणायचं होतं, पण मी लोकरीचं टोक घट्ट धरून राहिलो.

"आता बोल," आई हिला म्हणाली. "भाऊ काय म्हणतो?"

"थांब ना," हिने वाचलं.

"थांबले तर तुटेल. तू बोल, ऐकतेय मी," आई म्हणाली. ते वाक्य पुस्तकात होतं की आईने रचलं, ते मला आजही माहीत नाही.

हिने पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी टेबलाचा ताबा पुन्हा कादंबरीकडे गेला.

नव्या नाटकात समुद्र नव्हता. लढाया, तुरुंग सगळं गेलं. सगळं नाटक त्या पडवीत घडत होतं: बहीण, चाक फिरवणारा शेजारी, बंदरावरून बातम्या घेऊन येणारी माणसं. कप्तानाबद्दल सगळे बोलतात, कोणी म्हणतं तो मेला, कोणी म्हणतं श्रीमंत झाला. बहीण ऐकते आणि दोर वळते. कप्तान स्वतः येतो तो फक्त शेवटच्या प्रवेशात.

नवरा म्हणून नाही, ते पुस्तक घरात ऐकत आलेला माणूस म्हणून सांगतो, तिने केलं ते धाडसाचं होतं. जे पुस्तक जन्मभर जीव लावून शिकवलं, त्याचा बहुतेक भाग स्वतःच्या हाताने बाजूला ठेवायचा, आणि तरीही उरेल ते तेच पुस्तक असायला हवं. आणि ते होतं. कप्तानाचं सगळं आयुष्य त्या बाईच्या कानातून आपल्याला ऐकू येत होतं.

दिग्दर्शकाने मात्र डोक्याला हात लावला. "मॅडम, कप्तानाच्या गोष्टीत कप्तानच नाही? लोक दादांना बघायला येणार. दादांना काय सांगू? की तुम्ही कपडे करून आत बसा, शेवटी हाक मारतो?"

"तुम्ही नका सांगू," ही म्हणाली. "मी सांगते."

एरवी दुकानात बिल चुकलं तरी परत जायला संकोचणारी ही. दादांकडे जाताना मी गाडी चालवत होतो आणि सारखा तिच्याकडे बघत होतो.

दादांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. त्यांनी स्वतः दार उघडलं, आईची चौकशी केली. आईबरोबर त्यांनी तरुणपणी खूप कामं केली होती, म्हणून हिला ते सूनबाई म्हणायचे. हिने आडवळण घेतलं नाही.

"दादा, तुमचं काम मी कापलंय. जवळजवळ सगळं. आधी वाचा, मग रागवा."

दादा खिडकीशी बसून वाचू लागले. आम्ही समोर. पानं उलटण्याचा आवाज तेवढा येत होता. मधे त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याचा नंबर बदललाय हे मला दिसत होतं, पण ती बोलायची वेळ नव्हती. शेवटचं पान वाचून त्यांनी ते उलटं ठेवलं.

"ही भूमिका मला फार हवी होती, सूनबाई," ते म्हणाले. "त्या वादळातलं भाषण मी आंघोळ करताना म्हणायचो. बायकोने कितीदा दार वाजवलंय."

"मला ठाऊक आहे, दादा." ही म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन."

"नाही कशाला म्हणू? आता ती बाई पाहिल्यावर ते भाषण करायला मला लाज वाटेल." मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, हळूहळू, आधी डोळ्यांत. "दिग्दर्शक काय म्हणतो? लोक माझी वाट बघतील?"

"हो. चिडतीलही म्हणतो."

"बघू दे की वाट. तीही बघतेय ना? पाटीवर माझं नाव सगळ्यांत मोठं लावा. लोकांना घरून निघाल्यापासून माझी वाट बघू दे. म्हणजे तिच्या मनात काय चाललंय ते त्यांना समजावून सांगायला नको."

ही रडायलाच लागली. दादांनी आतून पाण्याचा तांब्या आणला आणि मला म्हणाले, "काय हो, घरात दोन दोन बायका अशा, तुमचं कसं होतं?"

"दुकान लवकर उघडतो," मी म्हणालो.

तालमी सुरू झाल्या. चिमणीला उलटं चालायला आईने शिकवलं. ती आधी चोरून मागे बघायची. आई ओरडायची, "मान नको, तळपाय! जमीन तळपायाला सांगते." दादा रोज तालमीला यायचे. त्यांचा प्रवेश शेवटी, पण ते पहिल्यापासून बसून राहायचे.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं. मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्या पुढचा गृहस्थ बायकोला म्हणाला, "दादा कधी येणार? पैसे दादांचे घेतले ना यांनी?" बायको म्हणाली, "येतील हो. पण तो येईपर्यंत त्या बहिणीला काही व्हायला नको." 'दादा' एकदम 'तो' झाले होते, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

शेवटच्या प्रवेशात दादा आले. खांदे पडलेले, हातात टोपी. प्रेक्षकांनी टाळ्या सुरू केल्या, आवडत्या नटाच्या प्रवेशाला वाजवतात तशा. पण चिमणी थांबली नाही. ती मागे चालतच राहिली, आणि टाळ्या दोन क्षणांत आपोआप विरल्या, जणू लोकांनाच दोर तुटायची भीती वाटली. "थांब ना," दादा म्हणाले. ज्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत सहज जायचा, त्यांनी तो असा लावला की तो तिच्यापर्यंतही पोचतोय की नाही, कळेना. ती लांब लांब गेली. शेवटी ते चाकाशी गेले, शेजाऱ्याला बाजूला केलं आणि चाक फिरवायला बसले. पडदा पडला तरी लोक उठेनात.

नाटक चाललं. सगळ्यांना आवडलं असं नाही. हिच्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी 'अभिजात कृतीची मोडतोड' म्हणून लेख लिहिला. हिने तो शांतपणे वाचला आणि त्यांना पुढच्या प्रयोगाचे दोन पास पाठवले. ते आले, भेटायला मात्र आले नाहीत.

मग दौरे सुरू झाले. एका गावच्या नाट्यगृहाचा रंगमंच इतका आखूड निघाला, की चिमणी चार पावलं मागे गेली की भिंतीला पाठ. दिग्दर्शक प्रयोग रद्द करायच्या गोष्टी करू लागला. हिने रंगमंचावर उभं राहून समोर पाहिलं, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधली वाट पाहिली आणि म्हणाली, "चाक वर राहू दे. दादाही वर. ती खाली उतरेल."

त्या संध्याकाळी चिमणी कमरेला भारा गुंडाळून, मागे न बघता, रंगमंचाच्या पायऱ्या उतरली आणि लोकांमधून उलटी चालू लागली. दादा वरून हाक मारत होते. लोक एकदा वर बघायचे, एकदा तिच्याकडे. दोघं एका नजरेत मावत नव्हती. दोर लोकांच्या खांद्यांजवळून ताठ जात होता आणि कोणी बोट लावायलाही धजत नव्हतं. मी शेवटच्या रांगेत होतो. वाट संपत आली. आता चिमणी भिंतीवर आदळणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून गार वारा आला. मी वळून पाहिलं. माझी बायको नाट्यगृहाचं मागचं दार दोन्ही हातांनी उघडं धरून उभी होती, आणि चिमणी पाऊल न चुकवता तिच्याजवळून बाहेर रस्त्यावर गेली.