गोजाबाईच्या सोन्याच्या सुया

निघोज्याच्या गोजाबाईचे हात म्हणजे काय हात होते! चाकणच्या वखारीत ती कांदा निवडायला बसली की अडतेसुद्धा बोलणं थांबवून बघत राहायचे. वरून लालबुंद, टणक दिसणारा कांदा ती एकदा मुठीत दाबायची आणि बाजूला फेकायची. चिरून बघावा, तर आतला पापुद्रा काळा!

पण अठ्ठावन्न साल उजाडताना त्याच हातांनी तिला दगा दिला. बोटांचे सांधे बोरांएवढे सुजले. सकाळी उठल्यावर मूठ मिटेना, लुगड्याची गाठ बसेना. दिवसाला चार पोती निवडणारी बाई आता दोन पोत्यांतच टेकीला यायची. वखारवाला तोंडावर म्हणाला, "गोजाबाई, अक्षय तृतीयेपर्यंत बघतो. मग दुसरी बाई लावीन."

नवरा गेल्यापासून गोजाबाई भावाच्या, सोपानरावांच्या घरी राहत होती. पण भावाच्या ताटातला घास फुकट खायचा नाही, ही तिची आन. म्हणून ते बोलणं तिला सुजेपेक्षा जास्त दुखलं.

सोपानरावांची इंद्रायणी चौदा वर्षांची, चाकणच्या शाळेत नववीला. वर्गात शास्त्रात पहिली, आणि हे ती न विचारता सगळ्यांना सांगायची. तिनंच आत्याला हाताला धरून डॉक्टर विमलबाईंकडे नेलं. विमलबाई पुण्याहून चाकणच्या दवाखान्यात फक्त शनिवारी, बाजाराच्या दिवशी यायच्या. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं.

"हा आमवात. ॲस्पिरिननं ठणका कमी होईल, पण सांधे वाकडे व्हायचे थांबणार नाहीत. सोन्याची इंजेक्शनं देऊन बघता येईल. महाग आहेत, बाई."

 पुढच्या शनिवारी गोजाबाई स्वतःहून इंद्रायणीला घेऊन दवाखान्यात गेली, पदराची गाठ दातांनी सोडली आणि टेबलावर बोरमाळेचे चार मणी मांडले.

"ह्ये घ्या. सोनं माजं. आतली लाख काढून आनलीया, वजनात खोट न्हाई. तुमी निस्ती मजुरी सांगा."

मागे रांगेत बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. इंद्रायणीला तर जमीन दुभंगावी असं झालं! पण तसं बघितलं तर आत्याचं चुकलं काय? सोनाराकडे कुणी सोनं विकत घेतं का? आपलं सोनं द्यायचं, घडणावळ मोजायची, दागिना घेऊन यायचा. गावात सात पिढ्या हीच रीत.

विमलबाई हसल्या नाहीत. त्यांनी मणी परत तिच्या हातात ठेवले. "गोजाबाई, औषधात खरंच सोनं असतं. पण त्याचा क्षार करावा लागतो, तो परदेशी कारखान्यात होतो. हे काम ना तुमच्या सोनाराला जमेल, ना मला."

"म्हंजे मनी इकायचं, त्या पैशाची सुई घ्यायची."

"हो."

"मग सोनं द्यायचंच की. वाट तेवढी लांबची." आता मात्र विमलबाईंनाही हसू आवरेना.

"अजून एक आहे," त्या गंभीर होऊन म्हणाल्या. "हे औषध मूत्रपिंडाला बाधू शकतं. बुधवारी आणि शनिवारी, सकाळची पहिली लघवी तपासल्याशिवाय मी सुई देणार नाही. बुधवारी मी इथे नसते. दर वेळी पुण्याला जायचं म्हटलं तर तपासणीच औषधापेक्षा महाग पडेल. त्यापेक्षा नकोच ते."

गोजाबाईनं मणी पुन्हा पदरात बांधायला घेतले. बोटांना गाठ जमेना.

"मी तपासते!" इंद्रायणी ओरडली. सगळा दवाखाना वळून बघायला लागला. "आमच्या शाळेत परीक्षानळी आहे, स्पिरिटचा दिवा आहे. मी आजवर एकही नळी फोडलेली नाही." मग जरा थांबून, "एकच फोडली."

विमलबाईंनी तिला त्याच दुपारी शिकवलं. लघवीनं पाऊण नळी भरायची. तिरकी धरून फक्त वरचा भाग तापवायचा, खालचा थंड ठेवायचा, म्हणजे दोन्हींतला फरक दिसतो. वर ढग आला तर अ‍ॅसेटिक आम्लाचे तीन थेंब. ढग विरला तर ठीक. नाही विरला, तर मूत्रपिंडाला बाधलं समजायचं, सुई बंद.

पहिल्या बुधवारी चुलीशेजारी शाळेतून मागून आणलेला दिवा पेटला. नळीत ढग आला आणि इंद्रायणी किंचाळली, "आत्या, बिघडलं गं! सगळं बिघडलं!"

"आगं, थेंब टाक की आधी," गोजाबाई म्हणाली. "शाळेत तू जाती का मी?"

तीन थेंब पडले. ढग गेला. पाणी लख्ख!

मणी सोनाराकडे गेले, सुया आल्या. मग दर शनिवारी कांद्याच्या बैलगाडीत पोत्यांवर बसून दोघी चाकणला जायच्या. सुई टोचताना गोजाबाई हूं की चूं करायची नाही. नवव्या आठवड्यात एक दिवस इंद्रायणी केस विंचरत बसली होती, तर आत्या मागून आली, तिनं फणी काढून घेतली आणि वेणी घालून दिली. सैल, वाकडी, पण वेणी! इंद्रायणीनं ती दिवसभर सोडली नाही. वखारीतही दोन पोत्यांची तीन झाली.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी नळीत ढग आला तो गेलाच नाही.

इंद्रायणीनं तीनचे सहा थेंब केले. नवी नळी घेतली, पुन्हा तापवलं. खाली नितळ, वर दुधासारखं. तिसऱ्यांदाही तेच.  आत्याची मूठ आत्ता कुठं मिटायला लागली होती! अजून दोनच सुया घेऊ दिल्या तर? कोण बघतंय? विमलबाई तर तिच्याच शब्दावर सुई देतात.

"काय झालं?" गोजाबाईनं विचारलं.

"काही नाही... म्हणजे... थोडंसं..."

गोजाबाईनं तिच्या हातातली नळी घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितली.

"अक्षय तृतीयेला म्हैना ऱ्हायला," इंद्रायणी रडकुंडीला येऊन आत्याच्याच बोलीत म्हणाली. "आज नको सांगायला."

"इंद्रे," गोजाबाई म्हणाली, "मी सडका कांदा कंदी पोत्यात टाकला का? वखारवाला बघत नसताना तरी? मग माज्याच अंगात कशाला टाकू? चल, गाडी सुटंल."

असलं माणूस बघायला मिळतं कुठं! बैलगाडीत इंद्रायणी नळी दोन्ही हातांत धरून बसली होती. आत्या मात्र गाडीवानाशी कांद्याच्या भावावरून भांडत होती.

विमलबाईंनी नळी बघितली आणि इंद्रायणीच्या खांद्यावर हात ठेवला. "तू गप्प बसली असतीस ना, तर मला कळायला उशीर झाला असता." सुई बंद. ॲस्पिरिन चालू. तपासणी पूर्वीसारखीच आठवड्यातून दोनदा, आणि मीठ कमी.

पहिल्या आठवड्यात ढग तसाच. दुसऱ्यात पातळ. सांधे पुन्हा कुरकुरायला लागले, पण गोजाबाई रोज वखारीत जाऊन बसली. दोन पोती का होईनात, निवडली. वखारवाला तिच्याकडे बघायचा, काहीतरी बोलायला यायचा आणि तसाच परत जायचा.

चौथ्या शनिवारी विमलबाईंनी दवाखान्यात स्वतः नळी तापवली. "साफ आहे. आता निम्म्या मात्रेनं सुरू करू. हात पूर्ववत होतील असं वचन देत नाही हं मी."

"वचन कोन मागतंय," गोजाबाई म्हणाली. विमलबाईंनी सुई भरली, पण गोजाबाई काही उठेना.

"काय झालं, बाई?"

"तुमी बघितलं, ब्येस झालं. आता इंद्रीला बघू द्या."

रांगेतल्या बाया माना उंचावून बघायला लागल्या. इंद्रायणीनं नळी घेतली. या वेळी ती ओरडली नाही. खिडकीशी गेली, आधी खालचा भाग पाहिला, मग वरचा, मग नळी हळूच कलती करून पुन्हा पाहिला.

"साफ हाय, आत्या," ती म्हणाली.

गोजाबाई उठून सुई घ्यायला पडद्याआड गेली.