पदराखालचा हात

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात पुष्पावतीला ओळखत नाही असा दलाल नव्हता. नवरा गेला तेव्हा पोरगा कल्याण शाळेत होता, आणि दावणीची जनावरं काही दुखवटा पाळत नाहीत. बाई बाजारात उतरली. पहिल्या वर्षी लोक हसले. पुढं पुढं तिला लांबून येताना बघितलं की दलाल पान थुंकून सावरून बसायला लागले.

तिथला जुना सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि तोंड असं ठेवायचं की माणूस पलीकडच्या बाभळीवरचे कावळे बघत उभा आहे. पुष्पावतीकडं उपरणं कुठलं? ती पदर पुढं करायची. पदराखाली काय चाललंय ते तिच्या तोंडावरून कुणाच्या बापाला कळलं नाही. घरी लेकराला दूध नाही, वैरण संपलीय, आजच्या आज जनावर न्यायचंय, अशी रड ज्यानं बाजारात सांगितली तो तिथंच नागवला, हे तिचं शास्त्र. शाळा तिनं बाहेरूनच बघितली होती, पण या शास्त्रावर तिनं घर उभं केलं, आणि त्याचा तिला ताठा होता.

कल्याणची लेक पंकजा बारावीला चांगली पास झाली. नगरच्या कॉलेजात सायन्सला तिचं नाव लागलं, हॉस्टेलही मिळालं. वस्तीवर रीत अशी की पोरगं शिकायला बाहेर निघालं की आदल्या संध्याकाळी थोरली माणसं अंगणात जमायची, पोराच्या हातात नारळ द्यायचा आणि ज्याला जे सुचेल ते चार शब्द सांगायचे. नारळ एक, सल्ले पोतंभर.

त्या संध्याकाळी अजिनाथ गुरुजी आले होते. गावच्या शाळेतून रिटायर झालेले, मऊ बोलणारे. म्हणाले, "पंकजा, तिथं सगळं इंग्रजीत असतं बघ. पहिल्या आठवड्यातच अडेल. अडलं की सरळ हात वर करायचा. विचारायला लाजायचं नाही."

पुष्पावतीनं सुपारी फोडता फोडता मान वर केली. "गुरुजी, तुमी ऱ्हाऊ द्या. मागल्या साली म्हैस घेतली तवा व्यापाऱ्याला काय सांगितलं हुतं? नातवाला दूध पायजे, आजच न्यायची हाय. म्हैस खुट्याची सुटायच्या आधी तुमीच दाव्याला बांधले गेल्ता."

अंगण हसलं. गुरुजींनी चहाच्या कपात तोंड घातलं.

"इकडं ये गं," म्हणून तिनं नातीला जवळ बसवलं आणि तिचा हात पदराखाली घेतला. पोरीची बोटं बारीक, गार पडलेली. "गरजवंताला अक्कल नसती, ध्यानात ठिव. न्हाई कळलं तर न्हाई कळू दे. भूक लागली तर पानी पी. रडू आलं तर मोरीत जाऊन रड. पन तोंडावर दिसू दिऊ नको. शहरातल्या पोरी तुझं उणं हुडकायलाच बसल्यात." मग तिनं एकेक बोट मिटवून पोरीची मूठ बंद केली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. समजलं?"

"समजलं, आजी."

पोर गुणाची. सांगितलेलं विसरणारी नव्हती. तिथंच सगळं नासलं.

फोन यायचे. "कशी हायस?" म्हटलं की "बरी हाय." जेवलीस का, तर जेवले. अभ्यास, तर चाललाय. पुष्पावतीला एवढं पुरायचं. "आमची पोर रडत न्हाई," ती दूध न्यायला आलेल्या बायांना सांगायची. "शेजारच्या सत्यशीलाची नात बघा, पुण्याला गेली तर रोज आईला फोनवर भोकाड."

सुनेचं, सुरेखाचं, मन मानत नव्हतं. "आत्याबाई, पोरगी बोलता बोलता मधीच गप हुती. काय तरी खुपतंय तिला."

"तुला वासरू शिंकलं तरी त्यात रोग दिसतो."

दिवाळीला पंकजा आली ती गालफडं बसलेली. सुरेखानं विचारलं, तर म्हणाली मेसचं जेवण आळणी असतं. पुष्पावतीनं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं, बाजारात बघायची तसं. काही म्हणता काही हाती लागलं नाही. म्हशीच्या डोळ्यातलं पाणी बघून पोटातलं दुखणं ओळखणारी ती बाई; नातीच्या कोऱ्या तोंडाकडं बघून चक्क खूश झाली. "हिचा भाव कुनाला काढता यायचा न्हाई," असं चारचौघात बोलली. पंकजा खाली बघून हसली. ते हसणं तरी तिनं नीट बघायला हवं होतं.

उसाचा हंगाम ऐन भरात होता तेव्हा कॉलेजातून कल्याणला फोन आला. मुलगी प्रॅक्टिकलला येतच नाही, परीक्षेलाही बसली नाही, घरचं कुणीतरी या. कल्याण कारखान्याच्या वजनकाट्यावर, पुढं ट्रॅक्टर आणि मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, रांगेत अडकलेला. सुरेखा निघायला लागली तर पुष्पावतीनं तिला हटकलं. "धारा कोन काढील? मी जाते. अडेल म्हशी वळवल्यात मी, पोरगी वळवायला काय लागतंय?"

तिचा गुडघा तेव्हा कित्येक महिन्यांपासून ठणकत होता. घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरली. बाहेर सिटी बस उभ्या. पाट्या वाचता येत नाहीत हे ती आजवर कुणाला कळू देत आली नव्हती. कल्याणच्या मागं मागं चढायचं, नाहीतर गर्दीवरून ताडायचं. पाठीवर दप्तर लावलेली पोरं एका बसमध्ये शिरताना दिसली, म्हणजे ही कॉलेजची. ही बसली. शेजारच्या बाईला एक शब्द विचारला असता तर भागलं असतं. बस शहर सोडून एमआयडीसीकडं निघाली, कारखान्यांचे पत्रे दिसायला लागले, तरी बाई खिडकीतून अशी बघत राहिली की जणू हे सगळं हिनंच बांधलंय. पोरं कंपनीच्या गेटवर उतरली.

कंडक्टर म्हणाला, "आजी, शेवटचा स्टॉप."

"म्हायतीय मला. हितंच उतरायचं हुतं."

बस वळून निघून गेली. पुष्पावती उन्हातून मागं चालत निघाली. गुडघ्यात सुई टोचल्यासारखं होत होतं, पण वाटेत रिक्षावाला थांबला तेव्हाही ती म्हणाली, "फिराया आलेय."

कॉलेजात पोचली तेव्हा दुपार कलली होती. आराधना मॅडम म्हणून बाई होत्या, नगरच्याच, वयानं सुरेखाहून लहान. त्यांनी आधी पाणी दिलं. पुष्पावती भांडणाच्या तयारीनंच बसली होती.

"आमच्या पोरीला कुनी तरास दिला आसंल," ती म्हणाली.

"नाही हो आजी. त्रास दिला असता तर मी बघून घेतलं असतं." मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "खेड्यातून आलेल्या निम्म्या मुलांना सुरुवातीला काही समजत नाही. ती येतात, रडतात, चार वेळा तेच विचारतात. त्यांच्यासाठी आम्ही संध्याकाळी मराठीतून जादा तास घेतो. पहिल्या प्रॅक्टिकलला मी विचारलं, काचेची नळी कशी धरायची ते कुणाला माहीत नाही? बऱ्याच जणांनी हात वर केले. पंकजानं केला नाही. मग तिच्या हातून ती फुटली. मी रागावलेसुद्धा नाही. म्हटलं, बाळा, समजतंय ना तुला? तर म्हणाली, समजतंय मॅडम. तेव्हापासून दर वेळी तेच. इतकं ठाम म्हणायची की माझा विश्वास बसला."

पुष्पावतीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. तिला पोरीचं तोंड डोळ्यासमोर दिसत होतं. ते तोंड पोरीचं नव्हतंच. तिचं स्वतःचं होतं, बाजारातलं.

"आता काय हुईल?"

"हजेरी कमी आहे. मी मोठ्या सरांकडं शब्द टाकून बघते. पण काय अडलं ते तिनं स्वतः येऊन सांगायला हवं. मी तिच्या वतीनं काय सांगू? मला तिनं काही सांगितलेलंच नाही."

पंकजा हॉस्टेलच्या मागं लिंबाखालच्या कट्ट्यावर सापडली. प्रॅक्टिकलच्या वेळेला ती तिथंच येऊन बसायची म्हणे. आजीला बघून उठली, पाया पडली.

"तू कशाला आलीस? सगळं बरं हाय."

"बरं हाय व्हय? चल बाईकडं. कळत न्हाई म्हनून सांग."

"कळतंय मला."

"पंके."

"मला शिकायचंच न्हाई आता. घरी चल."

पुष्पावती कट्ट्यावर बसली. हे बोलणं तिच्या ओळखीचं होतं. मला जनावर इकायचंच न्हाई, चाललो मी घरी, असं जो म्हणतो त्याच्या घरी चूल पेटलेली नसते. हे तिनं कितीदा ओळखलं होतं, आणि ओळखून समोरच्याला पिळलं होतं. तिनं नातीचा हात धरायला आपला हात पुढं केला. पंकजाची मूठ मिटलेलीच होती. उघडेना.

"मीच सांगितलं हुतं," पुष्पावती म्हणाली. "चुकलं ते."

पोर कॉलेजच्या दिशेनं बघत राहिली, बाभळीवरचे कावळे बघावेत तशी.

कशीतरी तिला मॅडमच्या दारापर्यंत आणली. पंकजा उंबऱ्यावर उभी. ओठ हलेनात. पुष्पावतीच्या तोंडात शब्द आले होते, तीच बोलणार होती, पण मॅडमनी हातानं थांबवलं. खोलीत आणखी दोन सर बसले होते, एक शिपाई चहाचे कप उचलत होता. एवढ्या माणसांत पोर मेल्याहून मेल्यासारखी झाली.

तेव्हा पुष्पावती बोलली. पण नातीबद्दल नाही.

"बाई, मला पाटी वाचता येत न्हाई. सकाळी चुकीच्या बशीत बसले. कुनाला इचारलं न्हाई. पार एमआयडीसीत गेले आन् तिथनं पायी आले. कंडक्टरला म्हनले, हितंच उतरायचं हुतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता परत स्टँडवर कसं जायचं तेबी मला म्हाईत न्हाई."

कुणी हसलं नाही. शिपाई कप हातात घेऊन तसाच उभा राहिला. पंकजानं आजीकडं बघितलं, असं बघितलं की जणू हे माणूस तिनं पहिल्यांदाच बघितलंय. मग तिचा आवाज फुटला. "मॅडम, मला कळत नाही."

"काय कळत नाही, बाळा?"

"काहीच. पहिल्या दिवसापासनं." आणि ती रडायला लागली, तिथंच, सगळ्यांसमोर.

मॅडमनी खरंच धावपळ केली. मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या, बऱ्याच वेळानं परत आल्या. उपयोग झाला नाही. परीक्षा होऊन गेली होती, हजेरी भरून निघणार नव्हती. वर्ष गेलं. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. "गणपतीच्या आधी आली असतीस तर," एवढंच मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं गिळलं. ते गिळलेलं पुष्पावतीच्या घशात अडकून बसलं, ते आजतागायत.

जून आला. पुन्हा अंगण, पुन्हा नारळ. अजिनाथ गुरुजी आले, पण या खेपेला काही बोलायला धजेनात. कल्याण म्हणाला, "आई, तू सांग की काय तरी."

सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"गुरुजींनी मागल्या साली सांगितलं हुतं तेच बरोबर हाय," ती म्हणाली. दहा म्हशी तोट्यात विकणं तिला सोपं गेलं असतं. गुरुजी चष्मा पुसायला लागले, आणि कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं तिला.

पंकजा गेली. आता ती वर्गात हात वर करते, जादा तासाला बसते. सुरेखाला रोज फोन करते. मेसमधल्या वरणापासून न सुटलेल्या गणितापर्यंत सगळं सांगते, कधी रडतेही. सुरेखा चुलीपुढं फोन कानाला लावून हसत असते, आणि पुष्पावती ओट्यावरून ऐकत असते. मग सुरेखा म्हणते, "थांब, आजीशी बोल."

"कशी हायस?"

"बरी हाय, आजी."

एवढंच. साऱ्या जगापुढं पोरीनं मूठ उघडली. एका आजीपुढं तेवढी ती मिटलेली राहिली. जिनं शिकवलं तिच्यापुरता तो धडा पोरीला पाठ राहिला. यात राग नव्हता, हेच वाईट होतं. राग असता तर पुष्पावतीनं त्याला तोंड दिलं असतं.

असाच एकदा फोन आला. "बरी हाय, आजी," झालं. आता पोर फोन ठेवणार. पुष्पावतीनं तो कानाला घट्ट धरला. पदराखाली तिची स्वतःची बोटं मिटलेली होती. तिनं ती सोडवली.

"पंके, माझा गुडघा लई दुखतो गं."

चुलीपुढं सुरेखाचा हात थांबला. असलं वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.  पुष्पावतीला वाटलं, फोन कट झाला.

मग पोरीनं हळू विचारलं, "कधीपासनं?"

पुष्पावती सांगायला लागली.