खिडकीतला पायजमा आणि मी

मी एक जुना कूलर आहे. निदान माझ्या पत्र्यावर तसे लिहिलेले आहे. मित्रांनो, हल्ली मी नक्की कोण आहे याची मलाच खात्री राहिलेली नाही. त्यामुळे हे आत्मवृत्त कोणाचे म्हणायचे, हा प्रश्न आहेच. तरी सुरुवात करतो. मधेच कंटाळा आला तर खुशाल उठून जा. मला उठता येत नाही, म्हणून ज्यांना येते त्यांचा मी राग धरत नाही.

माझा जन्म जिन्सी मोहल्ल्यातल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. पत्रा ठोकून, पोपटी रंग देऊन मला रस्त्यावरच्या उन्हात वाळत ठेवले होते. पुढे पंख्याचे गोल तोंड, खाली पाण्याची टाकी आणि उरलेल्या तीन बाजूंना गवताच्या जाळ्या. सगळे त्याला गवत म्हणतात, पण ते गवत नसते. ते लाकडाचे केसासारखे बारीक काप असतात. म्हणजे माझ्या पोटात पहिल्यापासून लाकूडच होते. त्याचा पुढे काही उपयोग होईल, असे तेव्हा मला वाटले नव्हते.

निजामुद्दीन मास्तरांनी मला हातगाडीवर घालून घरी नेले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. दरवर्षी होळी झाली की ते मला खिडकीला लावत. पाठ खिडकीकडे, तोंड खोलीकडे. टाकीत बादल्या ओतल्या की मी बाहेरची तापलेली हवा ओढायचो आणि गार करून आत सोडायचो. पाहुण्यांमध्ये माझ्या समोरच्या खुर्चीवरून भांडणे होत. एकदा कोणी तरी म्हणाले, "मास्तर, तुमच्या कूलरला काश्मीरची हवा हाय." ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे. तसे दुसरे कोणी म्हणाले नाही.

पुढे नळाचे पाणी इतक्या दिवसांनी येऊ लागले की माणसांनाच पुरेना, तर मला कोण पाजणार? मास्तरांच्या लेकीने घरात एसी बसवला. मला मागच्या खोलीत ढकलले आणि डोक्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. एसीबद्दल मला काही म्हणायचे नाही. तो फार शांत असतो. मी खडखडायचो, हे खरे आहे.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी त्याच खोलीत सुतारकाम मांडले. एक मेज, रंधा आणि विजेवरची गोल पात्याची करवत. ते पाट करत, स्टुले करत. पण त्यांचा जीव होता रेहालीत. रेहाल म्हणजे वाचताना कुराण ठेवायची घडीची लाकडी बैठक. ती एकाच फळीतून कापतात. बिजागरी नाही, खिळा नाही. फळी मधून अशी चिरायची की तिचे दोन भाग एकमेकांत अडकलेले राहतात आणि पुस्तकासारखे उघडतात. त्यांची जालन्याची नात, नाव राहत, नुकतीच कुराण वाचायला शिकत होती. तिच्यासाठी सागवानाची रेहाल करायची आणि यंदाच्या ईदला तिच्या हातात द्यायची, असे मास्तरांनी ठरवले होते.

आता भुशाविषयी सांगतो. तो जमिनीवर पडतो, असा लोकांचा समज आहे. जाड भुसा पडतो. बारीक भुसा फिरायला निघतो. तो मास्तरांच्या भुवयांवर, देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या कपबश्यांवर आणि उशीच्या अभ्र्यांतही असे. मास्तरांच्या पत्नी नजमाबी दिवसातून कितीदा झाडू घेत ते मला मोजता आले नाही. त्यांना खोकलाही लागला होता. तरी त्या झाडत राहिल्या. गेल्या ईदला मात्र शिरखुर्म्यात भुसा गेला. शेजारच्या, पिठाची गिरणी चालवणाऱ्या चतुराबाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाल्या, "भाभी, खोबरं लई बारीक किसलंय हो. झकास!"

नजमाबींनी शिरखुर्म्यात खोबरे घातलेच नव्हते.

पाहुणे गेल्यावर त्या मास्तरांसमोर उभ्या राहिल्या. "सुनो जी, अगली ईदको मेरे शिरखुर्मे में एक कण दिखा ना, तो ये करवत भंगारवाले को देऊन टाकणार मी. और ये कमरा मेरा."

मास्तर हो म्हणाले. नजमाबी रागाने मराठीवर आल्या की त्या बोललेले करतात, हे त्यांना ठाऊक होते. रोजच्या भांडणाला दख्खनी पुरते.

म्हणून या वर्षी रमजान लागताच भुसा ओढणाऱ्या यंत्राचा शोध सुरू झाला. मास्तर मोबाइलवर परदेशी सुतारांचे व्हिडिओ पाहत. त्या सुतारांची भुशाची यंत्रेच मास्तरांच्या खोलीएवढी होती. मास्तर वहीत चित्रे काढत, खोडत, पुन्हा काढत. मी कोपऱ्यातून पाहत होतो. वर्तमानपत्रांखाली असलो की माणसे मला विसरतात, त्यामुळे मला सगळे दिसते.

आधी लेकीने दिलेला घरातला व्हॅक्यूम आला. त्याने मोठ्या उत्साहाने भुसा गिळला आणि चहाला उकळी येईपर्यंत त्याचा घसा बसला. मग भाचा फारूख आला. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला आहे, त्यामुळे कोणतीही वस्तू लहान असू शकते हे त्याला पटत नाही. त्याने मोडीत निघालेला एक मोठा ब्लोअर टेम्पोतून आणला.

"मामू, ये ऐसा खींचता के पूछो मत!"

कोणी विचारले नाही. फारूखने बटण दाबले. ब्लोअरने भुसा ओढला, मग मास्तरांच्या कानावरची पेन्सिल ओढली, मग डोक्यावरची टोपी, मग वहीची पाने. शेवटी त्याने गल्लीतली वीज ओढली. सगळीकडे अंधार झाला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "फारूख! फ्रिज में दूध है मेरा!"

"मुमानी, मैं निकलताच हूं," म्हणत फारूख ब्लोअरसकट निघाला.

ईद तोंडावर आली. रेहालीची फळी अर्धी चिरलेली पडली होती. मास्तर करवत लावायला धजत नव्हते. ते खिन्न होऊन बसले आणि आधारासाठी त्यांनी हात टेकला तो माझ्यावर. मग ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांनी कोणी तसे बघितले की संकोच वाटतो.

"तू हवा ओढतोस की रे," ते पुटपुटले.

त्यांनी मला पुसले, पंख्याला तेल दिले आणि खिडकीला लावले. पाठ खिडकीकडे, तोंड खोलीकडे. हाताला वर्षानुवर्षांची सवय असते. तेवढ्याच सवयीने त्यांनी टाकीत दोन बादल्या पाणीही ओतले. मला शंका आली होती. पण मला नेहमीच शंका येते, त्यामुळे मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

करवत सुरू झाली. मीही जीव तोडून सुरू झालो. मला एकच काम येते: पाठीकडून घ्यायचे आणि तोंडाकडून सोडायचे. बाहेरचा सगळा वारा मी आत सोडला. खोलीतला भुसा उठला, ओला झाला आणि मास्तरांना चिकटला. उरलेला दारातून थेट स्वयंपाकघरात गेला. नजमाबी तिथे शेवया भाजत होत्या. झाकण वेळेवर पडले.

त्या झारा घेऊन दारात आल्या. आपादमस्तक भुशाने मढलेले मास्तर उभे होते. नजमाबींना हसू आले, पण ते त्यांनी खोकल्यात लपवले.

"अजी, इसका मुंह तो फिराव!"

टाकी रिकामी करून मला फिरवले. आता तोंड खिडकीबाहेर होते आणि तीन बाजूंच्या गवताच्या जाळ्या खोलीकडे. जाड भुसा गवतात अडकू लागला, बारीक बाहेर जाऊ लागला. खोली स्वच्छ! मला पुन्हा काश्मीर आठवले. तेवढ्यात बाहेरून चतुराबाईंची हाक आली.

"ओ मास्तर! माझ्या कुरडयांवर काय हळद टाकायलाव व्हय?"

खिडकीखालीच त्यांची बाज होती आणि बाजेवर वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया. त्या पिवळ्या पडल्या होत्या.

"माफ करा बाई, बंद करतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खरोखरच सगळे बंद केले. करवतीवर फडके टाकले. "जाऊ द्या. रेहाल नशिबात नाही. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

नजमाबींनी अर्ध्या फळीकडे पाहिले. मग त्या माझ्यावरून खिडकीबाहेर वाकून म्हणाल्या, "चतुराबाई, तुमच्या गिरणीत पीठ उडत नाही ते कसं?"

"आमी गिरणीच्या तोंडाला झोळी बांधतो ना! हवा निघून जाती, पीठ ऱ्हातं आत."

नजमाबी आत गेल्या आणि दोरीवरचा मास्तरांचा पायजमा घेऊन आल्या. दोन्ही पायांच्या टोकांना त्यांनी गाठी मारल्या. कंबर माझ्या तोंडावर चढवली आणि नाडी ओढून घट्ट बांधली. नाडी अगदी पुरली. मास्तरांचा आणि माझा घेर एक आहे, हे मला त्या दिवशी कळले.

"ये मेरा नया वाला है," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"मालूम है. करवत लगाव."

करवत फिरली, मी फिरलो आणि खिडकीबाहेर पायजमा हळूहळू फुगला. दोन्ही पाय ताठ झाले आणि गल्लीवर लाथा झाडू लागले. एक सायकलवाला उतरून उभाच राहिला. चतुराबाई ओरडल्या, "अगं बाई, मास्तर खिडकीतून पडायलेत!" मग त्यांना मास्तर मागे उभे दिसले आणि त्या बाजेवर बसून डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसल्या. कुरडयांवर मात्र काही पडले नाही.

ईदच्या दिवशी नात राहत आली. तिने रेहाल उघडली, मिटली, उघडली आणि बिजागरी कुठे लपवली म्हणून ती उलटी करून पाहू लागली. मास्तरांना त्याहून मोठी ईदी कुठली? पण त्यांचे डोळे वाट्यांवर होते. माझेही. चतुराबाईंनी पहिला घास घेतला. त्या थांबल्या.

"भाभी," त्या म्हणाल्या, "राग मानू नका, पण गेल्या सालची मजा नाय. खोबरं टाकलं नाय का औंदा?"

नजमाबींनी मास्तरांकडे पाहिले. मग शांतपणे दुसरा डाव चतुराबाईंच्या वाटीत वाढत त्या म्हणाल्या, "है ना खोबरं. औंदा पायजम्यात ठेवलंय."

करवत घरात राहिली. मीही राहिलो. नजमाबींचा खोकला पुष्कळ कमी झाला आहे.

मित्रांनो, एवढीच माझी कहाणी. माझी एकच विनंती आहे. घरात कोपऱ्यात पडलेली एखादी जुनी वस्तू दिसली, तर टाकून देण्याआधी तिला एकदा फिरवून बघा. कदाचित तिचे फक्त तोंड चुकीच्या बाजूला असेल. आणि जी वस्तू काम करते तिची झोळी वेळच्या वेळी रिकामी करा. मास्तर हल्ली रंगात आले की हे विसरतात. आता हेच बघा ना, करवत केव्हाची चालू आहे, पण पायजम्याचे पाय भुशाने जड होऊन खाली लोंबले आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसतात. झाऱ्याचा आवाज थांबला आहे, म्हणजे नजमाबी निघाल्या.