माझं चौथं पान

मी एक माहितीपुस्तिका बोलतेय. गुळगुळीत कागदाची, सोळा पानांची. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीने मला छापून घेतलं, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! आता तोंड दाखवायचीही लाज वाटते.

माझ्या चौथ्या पानावर मालकांचा, दोघा भावांचा फोटो आहे. एकमेकांच्या खांद्यावर हात आणि खाली ओळ, 'दोन भाऊ, एक विचार'. खरं सांगू? तेव्हाही त्यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. फोटोवाल्यानेच त्यांचे हात धरून खांद्यांवर ठेवले. फोटो निघाला आणि दोघे दोन दारांनी बाहेर पडले. हे तो छापखान्यात रंगवून सांगत होता, म्हणून मला कळलं. तरी मी ती ओळ अंगावर मिरवली.

कंपनीला पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्या एका माणसाने मला घरी नेलं. लवकरच त्याचं ते काम सुटलं, कंपनीशी संबंध उरला नाही आणि आठ वर्षं मी त्याच्या कपाटावर धूळ खात पडले. मग त्याच्या भाचीला त्याच कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं.

"मामा, कंपनीची माहिती काढून जा म्हणतात. त्यांच्या साइटवर तर नुसते पंपच आहेत."

"अगं, माझ्याकडे आहे की त्यांची सगळी कुंडली!" मामाने मला फुंकर मारून तिच्या हातात दिलं.

पोरगी मोठी मेहनती. आधीच्या तीन मुलाखतींत 'आमच्याबद्दल काय माहीत आहे?' असं विचारल्यावर तिची दातखीळ बसली होती आणि तिन्ही नोकऱ्या हुकल्या होत्या. या वेळी तिने मला तोंडपाठ केलं, अगदी कारखान्याच्या छपराच्या उंचीसकट. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात माझं साल होतं, तेवढं पाहायचं राहिलं.

समोर थोरला भाऊच बसला होता. नेमका तोच प्रश्न आला. ती खुलून म्हणाली, "सर, तुम्ही दोघे भाऊ अजून एकत्र काम करता, हे मला सगळ्यात आवडलं. धाकट्या सरांनाही भेटायला आवडेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"धाकटा गेला. दोन वर्षं झाली. त्याआधी पाच वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

तिने मला पिशवीतून काढलं. मामाचं नाव घेऊन सुटता आलं असतं. पण ती म्हणाली, "चूक माझी आहे, सर. साल न बघताच पाठ केलं. कुणाला तरी विचारायला हवं होतं."

खोटं माझं आणि मान तिने खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी मला ठेवून घेतलं आणि तिला "कळवतो" म्हणाले. आठवड्याने त्यांच्या खणात पडल्या पडल्या मी ऐकलं, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली.

"ती मुलगी प्रामाणिक वाटली, साहेब," त्यांचा मदतनीस म्हणाला.

"होतीच. पण ती रोज समोर दिसली, की मला तेच आठवत राहील."

पोरी, मामाला काही बोलू नकोस, त्याने तुझ्या भल्यासाठीच मला दिलं होतं. पुढच्या वेळी माझ्यासारखीच्या गोडगोड ओळींना भुलू नकोस, तिथल्या चार माणसांना विचारून जा. आणि जमलं तर मला माफ कर. जागा तुला हवी होती गं, मिळाली मला. ही लाज मी कुठे लपवू?